बदली गोलकी

खोली बघायला गेले तेव्हा घरमालक सरांनी मला गाव, जात, नोकरी, लग्न यातलं काहीच विचारलं नाही. "हाथ दिखा," म्हणाले. मी चक्रावले, पण हात पुढं केला. त्यांनी पंजा उलटासुलटा करून पाहिला, बोटं ताणली आणि निकाल देऊन टाकला, "खो-खो. फुटबॉलके नहीं." मग दुसरा आणि शेवटचा प्रश्न, मोबाईलमध्ये इंटरनेट चालतं का? चालतं म्हटल्यावर छावणी भागातली ती खोली माझी झाली. बाकीचे नियम चाचींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं सांगितले. ते सगळे पाण्याचे होते. नळ आठवड्यातून एखाददा येतो, कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही, आला की हातातलं टाकून पळायचं. अंघोळीचं पाणी फेकायचं नाही, त्यात फरशी पुसायची आणि उरलेलं लिंबाच्या झाडाला घालायचं.

मी कन्नड तालुक्यातली. शेती खात्याच्या कचेरीत संगणकावर बसायचं काम मिळालं होतं. पाऊस सलग काही वर्षं रुसलेला, त्यामुळं दिवसभर मी दुष्काळाचेच तक्ते टाईप करायची आणि संध्याकाळी घरी येऊन बादली मोजत अंघोळ करायची. शहर मात्र काही थांबायला तयार नव्हतं. प्यायला पाणी नाही, पण जिकडं बघावं तिकडं नव्या इमारतींचे सांगाडे उभे. सरांची सगळ्यात मोठी तक्रार यावरच असायची. पडेगावच्या बाजूला एक माळ होता. तिथं त्यांनी वर्षानुवर्षं पोरांना फुटबॉल शिकवला. त्या माळावर अजूनही चुन्याच्या रेघा होत्या, फक्त त्या आता प्लॉटच्या होत्या.

सर जिल्हा परिषदेच्या शाळेत पीटी शिकवून रिटायर झालेले. शिट्टी मात्र रिटायर झालेली नव्हती. ती कायम गळ्यात. चहा पाहिजे असला की एक शिट्टी, चष्मा सापडत नसला की दोन. चाची त्याला स्वयंपाकघरातून भांडं आपटून उत्तर द्यायच्या. भांड्याच्या आवाजावरून सर ओळखायचे की चहा येतोय की शिव्या येतायत. भेटलेल्या प्रत्येकाचा पंजा बघायचा ही दुसरी खोड. दूधवाला, मीटर रीडर, मशिदीतले पेशइमाम, कुणी सुटलं नाही. कन्नडहून माझे वडील मला भेटायला आले तेव्हा त्यांचाही पंजा तपासून झाला आणि "हॉलीबॉल" असा शेरा मिळाला. वडिलांना त्याचा केवढा आनंद झाला होता.

पंजे बघायच्या या वेडापायीच त्यांना तो पोरगा सापडला होता. सर तेव्हा वाळूजकडच्या शाळेवर होते. तिथल्या बजाजनगरात टँकर यायचा. वरच्या मजल्यावरच्या बायकांना जिना उतरून नंबर लावेपर्यंत टँकर रिकामा व्हायचा, म्हणून त्या गॅलरीतून प्लास्टिकच्या कळश्या खाली फेकायच्या आणि खालचा एक पोरगा त्या झेलून रांगेत मांडायचा. डावीकडून आली, उजवीकडून आली, डोक्यावरून गेली, एकही कळशी खाली पडत नव्हती. सर रस्त्यात सायकल आडवी टाकून बघत उभे राहिले. टँकर निघून गेला तरी सर तिथंच.

त्यांनी त्याला गोलकी केला. गोलकीपर हा सगळा शब्द आमच्याकडं कुणी म्हणत नाही, गोलकीच म्हणतात. पुढं दहा-अकरा वर्षांनी, मी तिथं राहायला गेले त्या हिवाळ्यात, तो देशातल्या मोठ्या लीगमध्ये खेळणाऱ्या एका कंपनीच्या संघात लागला होता. संघ पुण्याकडचा. करार एका सीझनचा. त्यात अडचण एवढीच होती की संघात अगोदरच एक गोलकी होता. सर त्याला बडा गोलकी म्हणायचे. दाढीवाला, शांत, डोंगरासारखा उभा राहणारा. आमचा तो छोटा गोलकी, म्हणजे बदली.

हा 'बदली' शब्द सरांचा. जिल्हा परिषदेच्या मास्तराला या शब्दाची केवढी धास्ती असते ते मास्तरांच्या घरातच कळतं. "सारी नोकरी, बदली होऊ नये म्हणून साहेबांच्या दारात उभा राहिलो," सर म्हणायचे, "आता म्हातारपणी बदली व्हावी म्हणून टीव्हीसमोर बसतो." मी हसले होते. सर हसले नव्हते. बाकीच्या खेळाडूंची बदली दर सामन्यात होते. गोलकीची होत नाही. तो आजारी पडला, जायबंदी झाला किंवा त्यानं काही भलतंच केलं तरच होते. एकदा तरी मैदानात उतरला तर पुढच्या वर्षीचा करार, नाहीतर घरी, असं त्या पोराला तोंडावर सांगण्यात आलं होतं. त्याला कसाही करून एक सामना मिळायला हवा होता, आणि सरांना तो त्याच्यापेक्षाही जास्त हवा होता.

त्याचं कारण दर सामन्याला दाराजवळच्या खुर्चीत बसलेलं असायचं. पोराचे वडील. वाळूजच्या एका कारखान्यात जन्म काढलेला माणूस. पोराला त्याच कारखान्यात चिकटवायचं साहेबांशी बोलून पक्कं झालं होतं. तेव्हा सरांनी बजाजनगरला चकरा मारमारून त्यांचं मन वळवलं. ह्या पोराला मला द्या, तुमचा पोरगा टीव्हीवर दिसंल, असा शब्द दिला. कारखान्यातली जागा दुसऱ्या कुणाच्या तरी पोराला गेली. आता वडील सामना असला की शेअर रिक्षा बदलत छावणीत यायचे, चपला नीट भिंतीला लावून ठेवायचे आणि खुर्चीला पाठ न टेकवता बसायचे. खेळातलं त्यांना काही कळत नव्हतं. पोरगा टीव्हीवर दिसतो का, एवढंच ते बघायला यायचे.

आणि तो दिसायचा नाही. टीव्हीवाले बॉलच्या मागं पळतात, बाकाकडं कोण बघतो? चुकून एखाद्या वेळी बाक दिसला तर सगळ्यांच्या अंगात एकाच रंगाची जाकिटं. वडील पुढं झुकायचे, तोवर चित्र गेलेलं असायचं. एकदा मैदानाच्या कडेनं एक तरणा पोरगा बाटल्यांचा ट्रे घेऊन पळाला. वडील चटकन उभे राहिले. "त्योच ना? आमचाच ना?" त्यांचा चेहरा असा फुलला होता की मी हो म्हणायला तोंड उघडलंच होतं. सर म्हणाले, "नाय. पाणीवाला आहे." वडील खाली बसले. त्या संध्याकाळी चाचींनी सरांना धारेवर धरलं. एक हो म्हटलं असतं तर काय जीभ झडली असती का? सर म्हणाले, आज हो म्हणतो, उद्या ते गल्लीत सांगतील, परवा पोरगा फोनवर सांगेल की मी नव्हतो. मग काय करायचं? चाचींनी भांडं आपटलं. ते चहाचं नव्हतं.

सर स्वतः पुण्याला सामना बघायला कधी गेले नाहीत. मी गेलो तर पोरगा माझ्याकडं बघंल, बॉलकडं नाय, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, सर, तो बाकावर असतो, त्यानं तुमच्याकडं बघितलं तर कुणाचं काय बिघडतं? दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

सगळे सामने काही टीव्हीवर दाखवत नसत. मग माझा मोबाईल कामाला यायचा. रविवारी दुपारी आम्ही ओट्यावर बसायचो. मी मोबाईलवर येईल ते वाचून दाखवायची आणि सर डोळे मिटून ऐकायचे. गोल कुणी मारला, कोण हरतंय, यात त्यांना रस नव्हता. ते एकच विचारायचे, "बदली?" मी नाही म्हणायची. थोड्या वेळानं परत, "बदली?" गल्लीतून जाणाऱ्या शेजाऱ्यांना वाटायचं, रिटायर झाल्यावरही सरांची बदली अडकलीय की काय. संघ रडतखडत चालला होता. निम्मे सामने हरत होता, आणि बडा गोलकी नसता तर उरलेलेही हरला असता. हेही दुःखच होतं. तो वाईट खेळला असता तर त्याला बसवलं तरी असतं. तो जेवढं अंगावर येईल तेवढं अडवत होता, आणि प्रत्येक वेळी त्यानं बॉल अडवला की आमच्या खोलीत तिघं जण एकदम सुस्कारा सोडायचे.

याच दिवसांत मी एकदा बोलून गेले. अगदी सहज. त्या मोठ्याला दोन दिवस ताप तरी यावा, म्हटलं. सरांनी उठून टीव्ही बंद केला. सामना अर्ध्यावर होता, वडील वाळूजहून आलेले होते, तरी बंद. "बेटी," ते म्हणाले, "दुसरा पडावा म्हणून मागितलेली दुआ ही दुआ नसते. ती बद्दुआ असते. माझ्या घरात बद्दुआ नाय चालणार." वडील चपला घालून निमूट निघून गेले. त्यानंतर सामन्याच्या अगोदर सर बड्या गोलकीच्याच तब्येतीची दुआ मागायचे, त्याचं नाव घेऊन, मोठ्यानं, आम्हाला ऐकू जाईल अशी. त्याच्या आईवडिलांचीसुद्धा.

पोराच्या वडिलांनी खुलताबादच्या मारुतीला नवस केला होता. सरांनी तो कसा बोललात ते विचारलं. पोराला खेळायला मिळू दे असा, वडील म्हणाले. "कसं मिळू दे?" सरांनी विचारलं. सरांनी त्यांना परत खुलताबादला पाठवलं, नवस दुरुस्त करायला. बड्या गोलकीची देशाच्या संघात निवड होऊ दे, म्हणजे तो मानानं तिकडं जाईल आणि जागा रिकामी होईल, असा नवस करून आणला. तर अशी आमची तऱ्हा. छावणीतल्या एका खोलीत बसून आम्ही ज्याच्यामुळं आमचा माणूस अडकला होता त्याच्याच बढतीसाठी देवाला साकडं घालत होतो. देशाच्या संघाची निवड झाली. त्यात तो नव्हता. वडिलांनी मला हळूच विचारलं, "बाई, देवाला हे फुटबॉलचं समजत आसंल का?"

उन्हाळा चढला तसा नळ दहा दिवसांवर गेला. लातूरकडं रेल्वेनं पाणी नेत होते. आमच्या गल्लीत टँकरवरून डोकी फुटली. आणि टीव्हीवर ते मैदान. हिरवंगार. मध्यंतरात तिथं कारंजी सोडायचे, चारी बाजूंनी, झुळझुळ. पहिल्यांदा ते बघून चाची स्वयंपाकघरातून ओल्या हातानं बाहेर आल्या आणि बघतच राहिल्या. मग शेजारच्या बायकाही मध्यंतराला यायला लागल्या. खेळ सुरू झाला की निघून जायच्या. एक म्हातारी दर वेळी म्हणायची, "इत्तं पानी, गवताला." सर त्या वेळी मान फिरवून बसायचे. त्यांना त्या पाण्याची लाज वाटायची, जणू त्यांनीच ते सोडलं होतं.

शेवटचा सामना मे महिन्यातला. संध्याकाळी पाचचा. टीव्हीवर होता. वडील कारखान्यातून रजा काढून आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून. सकाळी पोराचा सरांना फोन येऊन गेला होता. साहेब लोक काही बोलत नाहीत, सर, आज झालं तर झालं, असं तो म्हणाला होता. सरांनी सामन्याअगोदरची दुआ मागितली. नेहमीसारखी, बड्या गोलकीचं नाव घेऊन. आवाज मात्र खाली गेला होता.

उत्तरार्धात एक उंच बॉल आला. बडा गोलकी झेपावला, समोरून दुसरा खेळाडू आला आणि दोघं हवेतच आदळले. दुसरा उठला. बडा गोलकी उठला नाही. कुशीवर पडून राहिला. शिट्टी झाली, डॉक्टर पेटी घेऊन पळाला, आणि तेवढ्यात टीव्हीवाल्यांनी बाक दाखवला. अगदी जवळून. आमचा पोरगा उभा राहून जाकीट काढत होता. एक हातमोजा घातलेला, दुसरा दातात धरलेला.

वडील खुर्चीवरून उठले. बोट टीव्हीकडं. सबंध हंगामात पहिल्यांदा त्यांनी पोराला टीव्हीवर पाहिलं होतं. मी त्यांच्याकडं बघत होते, म्हणून सर कधी टीव्हीच्या इतक्या जवळ गेले ते मला कळलं नाही. ते गुडघ्यांवर बसले होते. पुन्हा मैदान दिसलं, तो आडवा पडलेला माणूस दिसला, आणि सर त्याच्याकडं बघून बोलायला लागले. हळू, गयावया केल्यासारखं.

"पडा रह. मत उठ बाबा. पडा रह. उठू नको."

चाचींनी ऐकलं, मी ऐकलं. चाचींनी ओढणी डोक्यावर ओढली आणि त्या आत निघून गेल्या. सर बोलतच होते. डॉक्टरनं बड्या गोलकीच्या डोक्यावर बाटलीभर पाणी ओतलं. त्यानं मान झटकली. एक गुडघा टेकवला, मग दुसरा पाय, आणि उभा राहिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या पोरानं दातातला हातमोजा काढून हातात घेतला आणि तो खाली बसला. नंतर बाक परत दिसलाच नाही.

सामना बरोबरीत सुटला. वडील "येतो सर" म्हणाले. सर अजून जमिनीवरच बसलेले होते.

दुसऱ्या दिवशी सरांच्या गळ्यात शिट्टी नव्हती. चहा पाहिजे असला तर ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहायचे. चाचींना ते सहन होईना, त्या मला म्हणायच्या, ये बोलते बी नहीं, भांडते बी नहीं. पंजा बघायचंही सुटलं. माझ्या कचेरीतली एक मैत्रीण आली, तिनं मुद्दाम हात पुढं केला तर त्यांनी तिला नमस्कार केला. मला मात्र रोज एकच काम सांगायचे. मोबाईलवर बघ बेटी, बड्या गोलकीची काही खबर आहे का. बरा आहे का. मी शोधायची, काही सापडायचं नाही. एकदा म्हणाले, त्याचा नंबर मिळाला तर माफी मागता आली असती. मी म्हटलं, सर, त्याला कुठं ऐकू गेलं? ते म्हणाले, "ज्याला जायचं त्याला गेलं." मला राग आला. सबंध सीझनमध्ये एकदा तोंडातून निघालेल्या वाक्यासाठी माणसानं स्वतःला असं जाळत बसावं? पण त्यांना हे सांगून काही उपयोग नव्हता. आयुष्यभर जे धरून ठेवलं ते त्यांच्या हातून सुटलं होतं, आणि बदल्यात मिळालंही काही नव्हतं. निदान मिळालं असतं तर पश्चात्तापाला काही अर्थ होता.

महिनाभरात बातमी आली, कंपनीनं संघच बंद केला. म्हणजे आता करार असो-नसो, सगळे सारखेच. पोरगा बजाजनगरला परतला. वडिलांच्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली लागला. पक्क्या नोकरीची ती जुनी जागा केव्हाच भरली गेली होती.

एका रविवारी तो वडिलांना घेऊन सरांना भेटायला आला. मी तेव्हा पहिल्यांदा त्याला समोर पाहिलं. उंच, लाजरा, मोठे पंजे मांडीखाली दाबून बसणारा. सरांनी त्याचं काही विचारायच्या आधी बड्या गोलकीचं विचारलं. बरा आहे सर, तो म्हणाला, गावी गेलाय, काही दुखापत नाही. सरांनी डोळे मिटले. चाची चहा घेऊन आल्या. वडील दाराजवळच्या त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत. थोडा वेळ पावसाचं बोलणं झालं, म्हणजे नसलेल्या पावसाचं.

मग पोरगा म्हणाला, "सर, शेवटची मॅच बघितली का तुम्ही?"

सर म्हणाले, बघितली.

"कुणाला सांगितलं नाय मी. तुम्हाला सांगतो." तो बशीकडं बघत होता. "जाकीट काढलं तव्हा मला मैदानात जायचंच नव्हतं. सारा सीझन बाकावर बसून बॉलचीच भीती बसली होती, सर. तो पडला होता अन् मी मनात म्हणत होतो, ऊठ दादा, ऊठ. हात जोडतो, ऊठ. तो उठला तव्हा मला रडू आलं."

ज्यासाठी आम्ही हिवाळ्यापासून बसलो होतो, सरांनी ज्यासाठी स्वतःच्या तोंडानं ते शब्द उच्चारले होते, ते त्या पोरालाच त्या क्षणी नको होतं. सरांचा चेहरा मला बघवेना. पोरगा वाट बघत होता. त्याला वाटत होतं, सर आता भित्रा म्हणतील.

सर म्हणाले, "मैं बी वहीच बोल रहा था, बेटा. ऊठ, ऊठ."

ज्या माणसानं पाणीवाल्याला तुमचा पोरगा म्हणायला नकार दिला होता, त्याच्या तोंडून मी हे ऐकलं. पोराच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं स्पष्ट दिसलं. चाचींनी माझ्याकडं पाहिलं आणि मी भिंतीकडं. आता हे इथंच संपलं तर बरं, असं मला वाटत होतं. तेवढ्यात दाराजवळून वडील बोलले.

"व्हय," ते पोराला म्हणाले. "म्या हितंच व्हतो. सर टीव्हीम्होरं गुडघ्यावर बसून तेच म्हणत व्हते. म्या ऐकलं."

म्हणजे त्या दिवशी त्यांनीही ऐकलं होतं. बोट टीव्हीकडं होतं, पण सगळं ऐकलं होतं. ऐकून ते "येतो सर" म्हणून गेले होते आणि आज आपण होऊन खोटी साक्ष द्यायला उभे राहिले होते. त्यांनी कपबशी खाली ठेवली आणि पोराला घेऊन निघाले, कारण त्याची दुपारची पाळी होती. सर त्यांना दारापर्यंत सोडायला उठले नाहीत. त्यांनी जी मान खाली घातली, ती मी ती खोली सोडून गेले तोवर कुणासमोरच नीट वर आली नाही.